ॲप फुकट, मग पैसे जातात कुठे?

स्मार्ट सिटी मिशन २५ जून २०१५ रोजी सुरू झालं आणि ३१ मार्च २०२५ रोजी संपलं. देशातल्या शंभर शहरांत आपली आठ होती: पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नाशिक, सोलापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. शेजारचं पणजीही होतं. तिथल्या माणसासमोर ‘स्मार्ट’ म्हटलं की त्याला आधी खणलेले रस्ते आणि धूळ आठवते. केंद्राने आपल्या वाट्याचे ४८ हजार कोटी रुपये या योजनेसाठी ठेवले होते. ते कुठे गेले यावर भांडायला नगरसेवक आणि वर्तमानपत्रं आहेत. आपण इथे घरचा हिशेब मांडू. कॅमेरे, टॅग, कार्डं आणि पोर्टलं यांनी भरलेल्या शहरात राहणाऱ्या साध्या माणसाला महिन्याकाठी नेमका भुर्दंड किती, आणि त्यातला टाळता येण्याजोगा किती?

उत्तर आधीच सांगून टाकते. सरकारी शुल्क बहुतेक ठिकाणी किरकोळ आहे. खिसा हलका होतो तो मधल्या माणसामुळे, मुदत चुकल्यामुळे आणि कार्डा-वॉलेटांत अडकून पडलेल्या शिलकीमुळे. चोरांचा हिशेब वेगळा, त्यांच्याकडे शेवटी येऊ.

टोल: टॅग, पास आणि रोख

फास्टॅग फेब्रुवारी २०२१ मध्ये सक्तीचा झाला. टॅग देण्याचं शुल्क जास्तीत जास्त १०० रुपये. कारसाठी बहुतेक बँका २०० रुपयांच्या आसपास अनामत ठेवून घेतात. टॅग बंद केला की ती परत मिळते. ‘मिळते’ म्हणजे मागितली तर मिळते. गाडी विकताना लोक आरसी, विमा, दोन्ही चाव्या सगळं देतात आणि काचेवरचा टॅग विसरतात. मग नवा मालक कोल्हापूरला निघतो आणि टोल कापल्याचा संदेश जुन्या मालकाला येतो. व्यवहार झाला त्याच दिवशी बँकेच्या ॲपवरून टॅग बंद करा, अनामत मागा.

टॅग नसेल किंवा चालत नसेल तर राष्ट्रीय महामार्गावर १५ नोव्हेंबर २०२५ पासूनचा नियम लक्षात ठेवा. टोल १०० रुपये असेल तर टॅगने १००, यूपीआयने १२५ रुपये; रोखीने तेव्हा २०० ठरले होते. म्हणजे शिल्लक संपल्याचं नाक्यावर कळलं तर पाकीट काढू नका, मोबाइल काढा.

आता वार्षिक पास. १५ ऑगस्ट २०२५ रोजी हा पास आला तेव्हा दर होता ३,००० रुपये. घेण्याआधी राजमार्गयात्रा ॲपवर चालू दर बघून घ्या. त्यात एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. ३,००० ला २०० ने भागलं की फेरीला १५ रुपये पडतात आणि आकडा बघून माणूस लगेच पैसे भरायला बसतो. जरा थांबा. इथे ‘फेरी’ म्हणजे साध्या नाक्यावरून एकदा गाडी जाणं. पुण्याहून साताऱ्याला जाताना खेड-शिवापूर आणि आनेवाडी असे दोन नाके लागतात. जाऊन-येऊन चार फेऱ्या खर्ची पडल्या. महिन्यातून एकदा आई-वडिलांना भेटायला साताऱ्याला जाणाऱ्याच्या वर्षाला ४८ फेऱ्या होतात. नाक्यावर सरासरी १०० रुपये लागत असतील असं धरलं तर पासाचे पैसे तिसाव्या फेरीलाच वसूल. अशा माणसाने पास जरूर घ्यावा. दिवाळीत आणि मे महिन्यात मिळून दोनदाच गावी जाणाऱ्याने घेऊ नये.

आणखी एक ग्यानबाची मेख आहे. हा पास राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांपुरता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग हे राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहेत, तिथे पास चालत नाही. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगतीवर कारचा एकेरी टोल ३२० रुपये झाला आणि तो पासधारकालाही भरावा लागतो. ज्यांची सगळी धाव मुंबई-पुणे एवढीच आहे त्यांच्यासाठी ३,००० रुपये पाण्यात. पास फक्त खासगी कार, जीप, व्हॅनसाठी असून एका गाडीचा दुसऱ्या गाडीला लावता येत नाही. त्याचे पैसे टॅगमधल्या शिलकीतून वळते होत नाहीत, वेगळे भरावे लागतात. २०० फेऱ्या संपल्या की तोच टॅग पुन्हा नेहमीसारखा पैसे कापू लागतो.

मुंबईकरांना एक सुखाची गोष्ट. वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडचे दोन्ही अशा पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. तरीही कापला गेला, किंवा गाडी घरी उभी असताना महामार्गावर टोल कापल्याचा संदेश आला, तर टॅग देणाऱ्या बँकेकडे लेखी तक्रार टाका. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा क्रमांक आहे. रक्कम ८५ रुपयांची असो, सोडून देऊ नका. एकदा चुकीचा जोडलेला नंबर पुन्हा पुन्हा पैसे खातो.

नंबरप्लेट आणि कॅमेरा

मुंबईत २ ऑक्टोबर २०१६ रोजी शहरभर सीसीटीव्हीचं जाळं सुरू झालं. पहिल्या टप्प्यात १,५१० ठिकाणी ४,७१७ कॅमेरे बसले, खर्च ९४९ कोटी. मुळात ही मागणी २६/११ नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीच्या अहवालातून आलेली, म्हणजे दहशतवादासाठी. नागपूरने पुढे ५२० कोटींचा असाच प्रकल्प उभारला. रोजच्या रोज मात्र या कॅमेऱ्यांचा प्रताप सामान्य माणसाला दिसतो तो ई-चलानच्या रूपात. त्याबद्दल मी कुरकुर करणार नाही. सिग्नल तोडणाऱ्याने पैसे भरायलाच हवेत.

कॅमेऱ्याला गाडी ओळखता यावी म्हणून एकसारख्या नंबरप्लेटा लागतात. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट विक्रेत्यानेच लावून दिलेली असते. त्याआधीच्या गाडीला ती विकत घ्यावी लागते. महाराष्ट्रातला ठरलेला दर दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५०, तीनचाकीला ५००, चारचाकी आणि इतरांना ७४५ रुपये. वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे हातात येणारं बिल ५३१, ५९० आणि सुमारे ८७९ रुपये. माणूस घरी येऊन लावून देणार असेल तर घरपोच सेवेचे वेगळे पैसे पडतात, केंद्रावर गेलात तर नाहीत. केंद्रावर कुणी ‘फिटिंगचे शंभर’, ‘क्लिपचे पन्नास’ म्हणाला तर पावतीवर लिहून मागा. बहुतेक वेळा शंभर आणि पन्नास दोन्ही गळून पडतात. मुदत २०२५ मध्ये इतक्या वेळा वाढली की लोकांचा त्यावरचा विश्वासच उडाला, पण म्हणून चालढकल करायची ती कशाला? नोंदणी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच आपला आरटीओ निवडून करा. नंबरप्लेट शोधल्यावर जाहिरातीत सगळ्यात वर दिसणाऱ्या दुव्यावर जाऊ नका.

दंडाचे राज्यातले दर डिसेंबर २०२१ मध्ये वाढले. हेल्मेट नसेल तर ५०० रुपये. गाडी चालवताना फोन असेल तर दुचाकीला १,००० आणि चारचाकीला २,०००. चूक पुन्हा झाली तर आकडा १०,००० वर जातो. महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून आपलं खातं महिन्यातून एकदा पाहावं. चलानाबरोबर छायाचित्र असतं, ते मोठं करून बघा. नंबर आपला आणि गाडी दुसऱ्याची, किंवा ८ चा ३ वाचलेला, असे प्रकार होतात. त्यासाठी ॲपमध्येच तक्रारीची सोय आहे. गाडीचं खरं छायाचित्र जोडून लगेच टाका. वर्षभराने, गाडी विकायला काढल्यावर, ते निस्तरत बसणं फार कटकटीचं. ‘लोकअदालतीत निम्म्यावर मिटतं’ या भरवशावर चलानं साठवणारे खूप आहेत. कधी सवलत मिळते, कधी नाही. ती सरकारची आणि न्यायालयाची मर्जी, आपला हक्क नव्हे.

गाडीची कागदपत्रं सोबत बाळगायची सोय मात्र खरोखर फुकट आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवाहनमधला परवाना आणि आरसी कायद्याने मूळ प्रतीइतकीच ग्राह्य. मोबाइलमध्ये काढलेला फोटो तसा ग्राह्य नसतो. हा फरक हवालदाराला माहीत असतो, आपल्याला नसतो.

मेट्रो, बस, लोकल

राष्ट्रीय सामायिक मोबिलिटी कार्ड मार्च २०१९ मध्ये आलं. एकच कार्ड मेट्रोला, बसला, पार्किंगला चालावं अशी कल्पना. ती बऱ्यापैकी उतरली आहे, पण कार्ड घेताना दोन गोष्टी खिडकीवर कुणी सांगत नाही. पहिली म्हणजे या कार्डाच्या चिपमधली शिल्लक रोख नोटेसारखी असते. पिन लागत नाही, त्यामुळे कार्ड हरवलं की त्यातले पैसे गेले. चिपमध्ये कमाल २,००० रुपये ठेवता येतात म्हणून ते भरून ठेवायचं कारण नाही. आठवड्याला पुरेल एवढेच टाका. दुसरी गोष्ट, घरी बसून ॲपवरून भरलेले पैसे आपोआप चिपमध्ये उतरत नाहीत. स्थानकातल्या यंत्रावर किंवा खिडकीवर कार्ड एकदा टेकवून ते चढवून घ्यावे लागतात. हे माहीत नसलेला माणूस सकाळी नऊ वाजता गेटवर कार्ड टेकवत उभा राहतो, लाल दिवा लागत राहतो आणि मागची रांग त्याचा उद्धार करते.

पुणे मेट्रोचं भाडं १० ते ३५ रुपये. कार्डधारकाला १० टक्के सवलत, शनिवार-रविवारी सगळ्यांना ३० टक्के, विद्यार्थी पासवर ३० टक्के. रोज ३० रुपयांचा प्रवास जाऊन-येऊन, महिन्याचे २२ दिवस धरले तर १,३२० रुपये होतात. कार्डाने १३२ वाचतात. कार्डाची किंमत एक-दोन महिन्यांत सुटते. महिन्यातून दोनदा मेट्रोने जाणाऱ्याला कार्डाची गरज नाही, मोबाइलवरचं तिकीट पुरे. घरात महाविद्यालयात जाणारं पोर असेल तर त्याचा पास आधी काढा. सगळ्यात मोठी सवलत त्याच्याच वाट्याची आहे. पीएमपीचं किमान भाडं जून २०२५ पासून १० रुपये आणि दिवसाचा पास ७० रुपये झाला, तेव्हा तीन-चार बस बदलणाऱ्यानेच पास घ्यावा.

मुंबईत बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये ५ वरून १० झालं, वातानुकूलित बसचं ६ वरून १२. भूमिगत मेट्रो ३ चं भाडं १० ते ७० रुपये. लोकलचं किमान भाडं अजून ५ रुपये आहे. मुंबईत आजही सगळ्यात स्वस्त तीच, आणि सगळ्यात जास्त हाल होतात तेही तिथेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या मुंबई वन ॲपवर मेट्रो, मोनो, लोकल, बस अशा अकरा सेवांचं तिकीट एकाच जागी निघतं. ॲपचे पैसे नाहीत. पण यामुळे मेट्रोचं कार्ड लोकलला चालू लागलं असा कुणाचा समज असेल तर तो दूर करा. लोकलचा पास रेल्वेच्याच ॲपवरून काढणं सोयीचं आहे. तिथे आर-वॉलेट वापरलं की अनारक्षित तिकिटावर ३ टक्क्यांचा फायदा मिळतो.

चार ॲपांत चार शिलकी पडून राहणं, हा या सगळ्यातला न दिसणारा खर्च. एका वॉलेटात १४० रुपये, दुसऱ्यात ६०, तिसऱ्याचा पासवर्डच विसरलेला. शक्य तिथे थेट यूपीआयने द्या. यूपीआयवर ग्राहकाला शुल्क नाही.

दाखले, कर आणि सेतू केंद्राचं टेबल

जून महिन्यात कुठल्याही तहसीलबाहेरच्या केंद्रात उभं राहावं. उत्पन्नाच्या दाखल्याला ‘सगळं मिळून पाचशे’ असं तोंडी सांगितलं जातं आणि आईबाप मुकाट देतात, कारण प्रवेशाची तारीख डोक्यावर असते. खरा हिशेब असा: आपले सरकार केंद्राचं सेवाशुल्क २० रुपये होतं, ते २०२५ मध्ये ५० झालं. त्यावर कर आणि किरकोळ आकार धरूनही उत्पन्नाचा दाखला शंभराच्या आत बसतो. दरपत्रक भिंतीवर लावणं केंद्रचालकाला बंधनकारक आहे. कॅलेंडरच्या मागे झाकलेलं असेल तर कॅलेंडर उचलून बघा.

पाचशेचा आकडा बहुतेक वेळा ‘स्टँपपेपर’ या नावाखाली उभा केला जातो. किमान मुद्रांक ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० वरून ५०० झाला हे खरं. पण जात, उत्पन्न, रहिवासी अशा दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मार्च २०२५ पासून हा मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर स्वसाक्षांकित प्रतिज्ञापत्र चालतं. हे वाक्य केंद्रावर शांतपणे, पण मागच्या चौघांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणावं.

उत्पन्नाचा दाखला अर्जानंतर १५ दिवसांत मिळाला पाहिजे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ही मुदत घातली आहे. मुदत टळली तर पहिलं अपील, मग दुसरं आणि शेवटी आयोगाकडे तिसरं. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. बरेच लोक अपीलापर्यंत जातच नाहीत, दुसऱ्या एजंटाकडे जातात. घरी संगणक येत असेल तर अर्ज आपले सरकार पोर्टलवरून स्वतः करा. पावती क्रमांक आपल्या नावावर राहतो, अपीलाला तो उपयोगी पडतो.

डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो आणि त्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नाही. शिकाऊ वाहन परवान्याची परीक्षा आधारच्या आधारे घरबसल्या देता येते. एका वर्गासाठी १५० रुपये परवान्याचे आणि ५० परीक्षेचे. पक्क्या परवान्याला चाचणीचे ३०० आणि परवान्याचे २००. मोटार ट्रेनिंग स्कूल ‘लायसन्ससकट’ पॅकेज सांगते तेव्हा हे आकडे वजा करून उरलेली रक्कम शिकवण्याची आहे की खेटे वाचवण्याची, ते विचारा. आधारमधला पत्ता वगैरे बदलायला ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये, बोटांचे ठसे किंवा डोळ्यांच्या नोंदीसाठी १२५.

घरपट्टी ऑनलाइन भरण्यात कष्ट वाचतात, पण पैसे वाचतात ते वेळेवर भरण्यात. पुण्यात पहिल्या मुदतीत भरणाऱ्याला ५ ते १० टक्के सवलत मिळते. स्वतः राहात असलेल्या घराला करात ४० टक्क्यांची सवलत वेगळी. ती आपल्या बिलात दिसते का ते बघा, नसेल तर पीटी-३ अर्ज भरा. उलट थकवलं तर महिन्याला २ टक्के शास्ती लागते, वर्षाला २४. एवढं व्याज सावकारही उघडपणे सांगत नाही. भरताना क्रेडिट कार्ड निवडलं तर वर शुल्क लागू शकतं. यूपीआय किंवा रुपे डेबिट कार्डला लागत नाही.

विजेचं थोडक्यात. महावितरणचा नवा टीओडी, म्हणजे वापराच्या वेळेनुसार दर लावणारा, मीटर बसवण्यासाठी ग्राहकाकडून पैसे घेतले जात नाहीत. कुणी मागितले तर देऊ नका. हा मीटर घरगुती ग्राहकाला प्रीपेड नाही, बिल पूर्वीसारखंच महिन्याने येतं. तो बसलेल्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर जुलै २०२५ मध्ये युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली, ती टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत जाणार. धुणं, इस्त्री, पाण्याचा पंप दुपारी चालवून महिन्याला ६० युनिट तिकडे सरकवले तर ८० पैशांच्या हिशेबाने ४८ रुपये वाचतील. नोकरी करणाऱ्या जोडप्याला याचा फार उपयोग नाही, हेही सांगायला हवं. कागदी बिल बंद करून ईमेलवर घेतलं तर गो-ग्रीनचे १२० रुपये एकदाच मिळतात, आणि डिजिटल भरण्यावर पाव टक्का.

हरवलेला फोन आणि आलेला मेसेज

शहर सुरक्षित करणाऱ्या काही सेवांना एक पैसाही लागत नाही आणि नेमक्या त्याच लोकांना माहीत नसतात. मोबाइल चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार करून संचार साथी पोर्टलवर आयएमईआय क्रमांक टाका; फोन देशभरात बंद होतो आणि कुणी चालू करायला गेलं की माग लागतो. ही सोय मे २०२३ पासून देशभर आहे. आयएमईआय फोनच्या खोक्यावर असतो, म्हणून खोकं रद्दीत देऊ नका. भाडेकरूची माहिती पोलिसांच्या संकेतस्थळावर स्वतः भरता येते. त्यासाठी एजंटाला हजार रुपये देणारे घरमालक मी पाहिले आहेत.

आता चोर. ‘तुमच्या वाहनाचं चलान थकलं आहे’ असा व्हॉट्सॲप संदेश येतो, खाली एपीके फाइल असते. ती उघडली की फोनमधले ओटीपी परस्पर वाचले जातात. दुसरा प्रकार, ‘आज रात्री ९ वाजता वीज तोडली जाईल’ आणि खाली एक साधा मोबाइल नंबर. तिसरा, ग्राहकसेवेचा नंबर इंटरनेटवर शोधताना सापडलेला तोतया. बहुतेक सरकारी संकेतस्थळांचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ ने संपतो, आणि कुठलंही सरकारी खातं व्हॉट्सॲपवर एपीके पाठवून दंड वसूल करत नाही. गाडी आपल्या नावावर नसलेल्या आजोबांनाही हा संदेश येतो आणि तेही घाबरून उघडतात, म्हणून घरातल्या मोठ्यांच्या फोनवर अनोळखी ॲप बसवण्याची परवानगी बंद करून ठेवा.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका. चूक आपली नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नुकसान ग्राहकावर येत नाही. ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे दोन्ही बाबतींत पहिला फोन जितका लवकर तितकं बरं. सायबर फसवणुकीसाठी १९३० लावा; तो चोवीस तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.